टॉर्कला 'पीळ' म्हणावे का?

प्रश्न असा: गाडीच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करताना 'टॉर्क'ला 'पीळ' आणि 'लीव्हरेज'ला 'तरफ' म्हटले तर चालेल का?

'पीळ' नको. टॉर्क म्हणजे जोराचा वस्तू फिरवू पाहणारा परिणाम; जोर गुणिले फिरण्याच्या बिंदूपासूनचे अंतर, असा तो मोजतात. कपडा पिळताना दोन हात उलटसुलट फिरतात आणि कपड्याचा आकार बदलतो. दोराला पीळ असतो, मिशीला पीळ असतो. म्हणजे पीळ ही वस्तूला आलेली अवस्था. सुंभ जळला तरी पीळ जात नाही असे आपण म्हणतो, ते पीळ देणारे हात केव्हाच बाजूला झाले तरी तो दोरात उरतो म्हणूनच. टॉर्क असा उरत नाही. पान्यावरचा हात काढला की संपला. शिवाय मोकळा नट फिरवताना नटाला पीळ बसतच नाही, तो अख्खा फिरतो. गंजून धरलेला नट रेटून फिरवला की बोल्ट मध्येच तुटतो, तो मात्र पीळ सहन न झाल्यामुळे. हा शब्द त्याच अर्थासाठी राखून ठेवावा.

शास्त्रीय लिखाणात 'परिबल' आणि 'आघूर्ण' असे दोन शब्द आढळतात. 'घूर्ण्' म्हणजे गरगर फिरणे. पण जाम झालेला नट तसूभरही हलत नसताना त्यावर टॉर्क असतोच, त्यामुळे 'आघूर्ण' थोडा दिशाभूल करतो. 'परिबल' म्हणजे एखाद्या बिंदूभोवती काम करणारे बल. माझा कौल यालाच. पण 'जडत्व आघूर्ण' (मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे वस्तूचा फिरण्यातल्या बदलाला होणारा विरोध) ही संज्ञा बदलू नये. तिथे बल नाहीच, तेव्हा 'परिबल' खटकेल. (घू दीर्घच, 'आघुर्ण' चूक.)

नुसता 'जोर' का पुरत नाही, ते दारापाशी उभे राहून पाहावे. बिजागरीपासून 75 सेंटिमीटरवर 10 न्यूटन जोराने ढकलले की जे दार उघडते, त्याला 15 सेंटिमीटरवर 50 न्यूटन लागतात. परिबल दोन्हीकडे तेवढेच, जोर पाचपट. हाच हिशेब उलटा केला की दारात बोट चेमटते तेव्हा काय होते ते कळते: 75 सेंटिमीटरवरच्या कडेला 20 न्यूटनचा साधा रेटा असला, तरी बिजागरीपासून दीड सेंटिमीटरवर सापडलेल्या बोटावर 1000 न्यूटन, म्हणजे सुमारे 100 किलोचा भार येतो. मूल बिजागरीच्या फटीत बोट घालते तेव्हा आपण ओरडतो ते उगाच नाही.

चाकाच्या नटांचेही तेच. लहान मोटारीला साधारण 100 न्यूटन-मीटर लागतात. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतलाच घ्यावा. 25 सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला 400 न्यूटन, म्हणजे सुमारे 40 किलोचा दाब दिला की तेवढे होतात. पाना 50 सेंटिमीटरचा असेल तर 20 किलो पुरतात. 70 किलोचा माणूस आडव्या धरलेल्या 30 सेंटिमीटरच्या पान्यावर उभा राहिला तर 200च्या वर जातात. मग बोल्ट ताणला जातो, आटे जातात आणि पुढच्या वेळी नट निघता निघत नाही. म्हणून पुस्तिकेत 'नट घट्ट आवळा' एवढेच लिहून भागत नाही, आकडा हवाच.

आता 'लीव्हरेज'. तरफ ही वस्तू आहे: पहार, कात्री, अडकित्ता. लीव्हरेज म्हणजे त्या वस्तूमुळे होणारा लाभ. त्याला 'तरफेचा फायदा' म्हणावे, शास्त्रीय मजकुरात 'यांत्रिक फायदा'. अडकित्त्यात टेकू टोकाच्या खिळ्याशी, भार म्हणजे सुपारी मध्ये आणि बल मुठीशी. खिळ्यापासून सुपारी 2 सेंटिमीटरवर आणि हात 14 सेंटिमीटरवर असेल तर फायदा सातपट. सुपारी 5 सेंटिमीटरपर्यंत सरकली की तो तिपटीच्याही खाली येतो, आणि हात दुखेपर्यंत दाबले तरी सुपारी फुटत नाही. अशा वेळी सुपारी आत सरकवायची असते. चिमट्यात याच्या उलट: जोर मध्ये, पोळी टोकाला; तिथे बळ घटते, पण टोकाची हालचाल वाढते.

व्याकरणाचे थोडे: ती तरफ, तरफेला, तो टेकू, टेकूला, ते परिबल, तो पीळ, पण पिळाला.

अनुवादात सर्वांत जास्त चुकते ते एकक. 'न्यूटन प्रति मीटर' असे लिहिलेले पुष्कळदा दिसते. 'प्रति' म्हणजे भागाकार, आणि ते स्प्रिंगच्या ताठपणाचे एकक आहे. टॉर्कमध्ये गुणाकार असतो, म्हणून 'न्यूटन-मीटर'. जुन्या पुस्तिकांत 'किलोग्रॅम-मीटर' असेल तर आकड्याला 9.8 ने गुणावे, आणि त्याचे 'किलोमीटर' होऊ देऊ नये. वाक्य असे करता येईल: 'चाकाचे नट 100 न्यूटन-मीटर टॉर्कने (परिबलाने) आवळावेत.' गॅरेजमध्ये 'टॉर्क' हाच शब्द चालतो, तेव्हा पुस्तिकेत तो आधी ठेवावा आणि 'परिबल' पहिल्या उल्लेखाला कंसात द्यावा.