फॅदम म्हणजे किती पाणी?

प्रश्न : जुन्या इंग्रजी सागरी नकाशावर खोली ‘फॅदम’मध्ये दिली आहे. एके ठिकाणी 4 आणि त्याच्या पायाशी बारीक 3 आहे. हे कसं वाचायचं? आणि याच शब्दाला ‘उमगणं’ हा अर्थ कुठून आला?

उत्तर : फॅदम म्हणजे आपल्या कोळ्यांची वाव. दोन्ही हात आडवे ताणले की या टोकाच्या बोटापासून त्या टोकाच्या बोटापर्यंत जेवढं भरेल तेवढं माप. दोर ओढता ओढता मोजायला याहून सोयीचं काही नाही. वाव आला संस्कृत ‘व्याम’वरून, अर्थ हाच. जुन्या इंग्रजीतही फॅदम म्हणजे पसरलेले हात, कव. पुढे ते 6 फुटांवर पक्कं झालं, म्हणजे 1.83 मीटर.

तुमचा आकडा 4 फॅदम 3 फूट, म्हणजे 27 फूट किंवा 8.23 मीटर. हे पाणी ओहोटीचं धरलेलं असतं. भरतीचं वर मिळवायचं. पण आधी नकाशाच्या शीर्षकाखालची ओळ बघा. काही नकाशांत खोली फुटांतच असते, आणि तिथे 6 ने गुणलंत तर सगळंच फसलं.

खोली मोजायची ती शिसं बांधलेल्या दोरानं. शिसं 7 ते 14 पौंडांचं. दोरावर खुणा : 2 वावांवर चामड्याच्या दोन पट्ट्या, 3 वर तीन, 5 वर पांढरं कापड, 7 वर लाल, 10 वर भोक पाडलेलं चामडं, 13 वर निळं, 15 वर पुन्हा पांढरं, 17 वर लाल, 20 वर दोन गाठींची दोरी. पांढरं सुती किंवा तागाचं, लाल पातळ लोकरीचं, निळं जाड सर्जचं. काळोखात रंग दिसत नाही, पोत मात्र बोटांना कळतो. खुणेवर पाणी आलं तर आरोळी ‘मार्क’ची, खुणांच्या मधल्या अंदाजाला ‘डीप’ची. शिशाच्या बुडाच्या खळग्यात चरबी भरत. तिला वाळू, शिंपले की चिखल चिकटलाय, त्यावरून तळ ओळखायचा.

चुकायच्या जागा दोन. जहाज चालतं असतं, म्हणून शिसं पुढे फेकून दोर उभा आला की त्याच क्षणी वाचायचं. उशीर झाला की दोर तिरका होतो आणि पाणी आहे त्याहून जास्त भरतं. दुसरी चूक, कोऱ्या सुक्या दोरावर खुणा करणं. तागाचा दोर भिजला की आखडतो, खुणा जवळ येतात आणि पुन्हा पाणी जास्तच दिसतं. दोन्ही चुका जहाज उथळात घालणाऱ्या. म्हणून दोर आधी भिजवून ताणायचा, मग खुणा.

क्रियापदाचा प्रवास इथूनच झाला : आधी कवेत घेणं, मग तळ मोजणं, मग एखाद्याच्या मनाचा ठाव घेणं. अख्खा दोर सोडूनही शिसं टेकलं नाही तर आरोळी यायची ‘नो बॉटम’, तळ नाही. मराठीत त्या पाण्याला अथांग म्हणतात.