पहिल्या वर्षी मुख्याध्यापक काहीच सांगत नसतील तर नव्या शिक्षकाने कोणाला विचारावं?

तुम्ही लिहिलंय की शिक्षणसेवक (सुरुवातीला मानधनावर असणारा नवा शिक्षक) म्हणून आदिवासी भागातल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू होऊन तीन आठवडे झाले, मुख्याध्यापक "हळूहळू कळेल" एवढंच म्हणतात, मग रुळायचं कसं? ते "हळूहळू कळेल" वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. २००६ च्या जूनमध्ये मला हेच शब्द ऐकवले होते.

मी दर्यापूरकडची. नेमणूक मेळघाटात, द्विशिक्षकी शाळेत. मानधन महिना ३,०००. (प्राथमिकला २०२३ पासून ते १६,००० झालं.) पहिल्या दिवशी गुरुजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, पहिली-दुसरीचं हजेरीपत्रक माझ्या हातात दिलं आणि अहवाल द्यायला केंद्रशाळेत (आसपासच्या शाळांच्या मुख्य शाळेत) निघून गेले. समोर ३१ मुलं.

डी.एड.ला माझा ड-डमरूचा सराव पाठ गाजला होता. पुठ्ठ्याचा डमरू केला होता, दोरीला मणी लावून वाजणारा. तो पिशवीत घालून आणलाच होता, म्हणून तोच पाठ घेतला. फळ्यावर मोठा ड काढला, डमरू वाजवला, म्हटलं, म्हणा, ड. कोणी काही बोलेना. मग दुसऱ्या ओळीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "डा." मला इतका आनंद झाला! म्हटलं, शाब्बास, पण डा नाही, ड. तो पुन्हा "डा". मी पुन्हा "ड". चार-पाच वेळा असं झालं. आणखी दोघं-तिघं "डा, डा" करू लागली, माझा हुरूप वाढला, मी डमरू आणखी जोरात वाजवला. तो मुलगा रडायला लागला.

ओसरीत पोषण आहाराचे तांदूळ निवडणाऱ्या मावशी सूप ठेवून आत आल्या. माझ्या टेबलामागे माठ होता. त्यांनी त्यातून पेला भरून त्याला दिला. तो घटाघटा प्यायला. मावशी म्हणाल्या, "मॅडम, त्याले पानी पायजे होतं. आमच्यात पान्याले डा म्हन्तात."

त्या मुलांची घरची भाषा कोरकू, आणि कोरकू ही मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली भाषा, तिचं नातं तिकडे झारखंडच्या संताली-मुंडारीशी. त्यामुळे अंदाजाने काही कळेल ही आशाच नको. हे मला डी.एड.च्या दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

पण माझं दुखणं वेगळं आहे. गुरुजींना कोरकू उत्तम येत होती. अकरा वर्षं त्याच शाळेत होते, आठवडी बाजारात लोकांशी तासन् तास त्याच भाषेत बोलायचे. किल्ल्या ठेवताना "मुलं पाण्याला डा म्हणतात" एवढं एक वाक्य बोलायला त्यांना किती वेळ लागला असता? संध्याकाळी घडलेलं सांगितलं तर म्हणाले, "हळूहळू कळेल. आम्हाला कोणी शिकवलं होतं? पाण्यात पडलं की पोहता येतं."

पुढे शिक्षण परिषदांमध्ये हे पोहण्याचं वाक्य मी किती ज्येष्ठांच्या तोंडून ऐकलं, मोजदाद नाही. प्रत्येक वेळी गप्प बसले, कारण नवी होते, आणि पुढे सवय झाली. आज इथे सांगते. नवा शिक्षक पाण्यात पडतच नाही. त्याला पगार मिळतो, तो टिकतो, वर्षा-दोन वर्षांनी शिकतोही. बुडतात ती त्या वर्षी पहिलीत असलेली मुलं. पहिलीचं वर्ष त्यांना पुन्हा मिळत नाही. ज्यांना कोणी शिकवलं नव्हतं, त्यांच्याही वर्गात कोणीतरी तहानलेलं रडलंच असणार.

मला शाळेत रुळवलं ते मावशींनी. मी गावातच खोली घेतली होती, रोज संध्याकाळी त्यांच्या चुलीपाशी बसायचे. टाचण वहीच्या (रोजच्या पाठांचं नियोजन लिहायच्या वहीच्या) मागच्या पानांवर दोन रकाने आखले, डावीकडे मराठी, उजवीकडे कोरकू. पाणी, डा. जेवणं, जोम. मग अंग, नाती, झाडं, जनावरं. दिवाळीपर्यंत दोनशेच्या आसपास शब्द झाले. वर्गात सूचना कोरकूत आणि वाचन मराठीत, असं सुरू केलं आणि त्या रडणाऱ्या मुलाने होळीच्या आधी सोपी वाक्यं वाचली. दिवाळीनंतर अर्धं गाव मजुरीला खाली उतरतं आणि होळीला परततं, त्यामुळे पटावर ५८ आणि समोर निम्मी, असं का होतं हेही मावशींनीच सांगितलं. मी त्याआधी पालकांना बेजबाबदार म्हणत होते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की आधी शाळेतल्या स्वयंपाकी मावशींकडे जा, त्यांना घराघरातलं मूल माहीत असतं. मग शेजारच्या शाळेतला तीन-चार वर्षं झालेला एखादा शिक्षक गाठा. वीस वर्षांचा नको, त्याला सुरुवातीच्या अडचणी आठवत नाहीत. त्याच्या वर्गात एक अख्खा दिवस बसा, रीतसर परवानगी काढून. दोन वर्ग एकत्र कसे सांभाळायचे हे एका दिवसात जेवढं दिसतं, तेवढं आठ दिवसांच्या प्रशिक्षणात कळत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण म्हटलंय. चांगलंच आहे, पण नव्या माणसाला पहिल्या सोमवारी जवळ बसलेलं कोणीतरी लागतं.

टाचणाची सुंदर वही, फलकलेखन, परिपाठाचे फोटो यांच्या मागे पहिले दोन महिने लागू नका. केंद्रप्रमुख (आसपासच्या शाळांवर देखरेख करणारे अधिकारी) बोलले तर बोलले.

आणि तांदूळ मोजल्याशिवाय सही करू नका! हे वेगळ्याने सांगते, कारण कोणी सांगत नाही. गुरुजी लांबच्या रजेवर गेले तेव्हा चार्ज, म्हणजे शाळेचा कारभार, माझ्याकडे आला. साठा नोंदवहीत लिहिलं होतं त्यावर मी विश्वासाने सही केली. दोन दिवसांनी मोजलं तर ३५ किलो कमी. एका मुलामागे रोज १०० ग्रॅम, म्हणजे ५८ पोरांचं सहा दिवसांचं जेवण. ते मी माझ्या ३,००० मधून भरलं. चार्ज घेताना काटा मागवा, जनरल रजिस्टर, साठा, बँक पासबुक, शिक्के, सगळ्याची यादी करा, देणाऱ्याची आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची सही घ्या. समोरच्याला राग आला तरी चालेल.

आता गुरुजींच्या बाजूचंही लिहायला हवं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई) पट १५० च्या वर असेल तरच प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. लहान शाळेत तोच माणूस दोन-तीन वर्ग शिकवतो, यू-डायस (शाळेची सरकारला द्यायची माहिती) भरतो, आहाराचा हिशेब ठेवतो, बैठकांना पळतो. तुमचे मुख्याध्यापक कदाचित वाईट नसतील, थकलेले असतील. शाळा सुटल्यावर चहाच्या वेळी एकच नेमका प्रश्न विचारून बघा, "कसं करू" असा मोघम नको. "या तीन मुलांच्या घरी काय बोलतात?" असा विचारा. अशा प्रश्नाचं उत्तर मिळतं. तीन वेळा विचारूनही नाही मिळालं, तर वेळ घालवू नका.

गावात मुक्कामी राहण्याचा आग्रह मी धरणार नाही. मी तेव्हा एकटी होते, जमलं. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ गावात थांबा, तेवढंही पुष्कळ होतं.

तुमच्या मुलांची घरची भाषा कोणती, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कोरकू असेल तर कळवा. वहीची ती मागची पानं अजून माझ्याकडे आहेत, फोटो काढून पाठवते.