बेंटॉल ऑपरेशननंतर माणूस नॉर्मल जगतो का?
३८ वर्षांच्या भावाचं बेंटॉल ठरलंय म्हणालात. जगतो हो, नॉर्मल जगतो. १९६८ पासून होतंय हे ऑपरेशन, हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचं, म्हणजे महाधमनीचं, फुगलेलं मूळ आणि तिथला व्हॉल्व्ह (झडप) दोन्ही काढून व्हॉल्व्ह बसवलेली कृत्रिम नळी टाकतात. ठरवून केलं तर अनुभवी सेंटरमध्ये १०० पैकी ९५ हून जास्त पेशंट सुखरूप घरी येतात, पण धमनी फाटल्यावर धावपळीत करायला लागलं तर धोका कितीतरी वाढतो, म्हणून उगाच पुढे ढकलू नका. खरी कटकट नंतरची. मेटलचा व्हॉल्व्ह असेल तर रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) सहसा २ ते ३ मध्ये (पालेभाज्यांनी या गोळीचा असर कमी होतो, तरी पालक-मेथी बंद नाही, फक्त प्रमाण रोज सारखं ठेवा). टिश्यूचा (प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेला) घेतला तर १०-१५ वर्षांनी, तरुणपणी कधी त्याआधीही, परत बदलायला लागू शकतो. आणि दात काढायच्या आधी डेंटिस्टला व्हॉल्व्हचं सांगायचं (व्हॉल्व्हला जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून), हे लोक हमखास विसरतात.