कमी बजेटमध्ये मला आणि माझ्या १३ वर्षांच्या मुलाला, दोघांनाही चालेल असं अ‍ॅडजस्टेबल कंपाउंड धनुष्य कोणतं घ्यावं?

कागदावर दोघांना चालणारी धनुष्यं आहेत. डायमंड कंपनीचं इन्फिनिट एज प्रोच बघा: ड्रॉ वेट (दोरी ओढायला लागणारा जोर) ५ ते ७० पाउंड, ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे ओढायची ते माप) १३ ते ३१ इंच. पण तुमचं झाल्यावर मुलाच्या हातात द्यायचं तर वरखालचे लिंब बोल्ट (लिंब म्हणजे धनुष्याची वाकणारी पाती) मोजून सारखेच सैल करा, कॅमवरचं, म्हणजे टोकाच्या चाकावरचं, ड्रॉ लेंथ ठरवणारं मॉड्यूल सरकवा, नेम धरायची साइट परत लावा. एवढं करून पीप (दोरीतलं नेमाचं भोक) त्याच्या डोळ्यासमोर येईलच असं नाही, आणि बाणही वेगळे लागतात. चार दिवसांत कंटाळाल. असं धनुष्य मुलाचं समजूनच घ्या. तो वाढेल तसं तेही वाढवता येईल.

खरंच वाटून वापरायचं असेल तर जेनेसिस नावाचं कंपाउंड. त्याला लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा जोर) नाही, त्यामुळे ठरावीक ड्रॉ लेंथही नाही. दोघं काहीही न बदलता ओढू शकता. ड्रॉ वेट मात्र १० ते २० पाउंडच.

घेताना एकच गोष्ट खोदून विचारा: ड्रॉ लेंथ बो प्रेसशिवाय (धनुष्य दाबून दोरी सैल करायच्या यंत्राशिवाय) बदलता येते का? काही धनुष्यांना प्रत्येक मापाचं वेगळं मॉड्यूल विकत घ्यावं लागतं, आणि स्वस्तातलं तिथे महाग पडतं.

ड्रॉ लेंथच्या मापासाठी भिंतीला टेकून हात पसरा. बोटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे इंच भागिले २.५. म्हणजे ६५ इंच भरले तर २६. हा अंदाजच, पण सुरुवातीला पुरतो. मी हौसेने ड्रॉ लेंथ एक इंच जास्त ठेवली होती. दोरी डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला अशी फटकायची की महिनाभर पूर्ण बाह्यांचे शर्ट घातले.

ड्रॉ वेट ठरवताना लेट-ऑफच्या आकड्याला भुलू नका. ८० टक्के म्हणजे ५० पाउंडचं धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात १० पाउंड उरतात. तिथवर पोचायला ५० ओढावेच लागतात. खुर्चीवर बसून, पाय उचलून, धनुष्य आभाळाकडे न नेता सरळ ओढता आलं तर ते वजन तुमचं.

थोडे पैसे रिलीज (दोरी सोडायचं हातातलं साधन) आणि बाणांसाठी राखून ठेवा. बाण न लावता दोरी सोडायची नाही, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगा, लिंबच तडकतात. आणि ऑर्डर करण्याआधी तो कोणत्या डोळ्याने नेम धरतो ते बघा. उजव्या हाताचं कंपाउंड उलटं धरून डावखुऱ्याला चालत नाही.