नदीतल्या बुटांचा घसारा

प्रश्न : नदीत उतरून गळाने मासे धरायचा छंद आहे. वर्षाकाठी पंधराएक दिवस जमतं. आता वेडिंग बूट, म्हणजे पाण्यात उतरून चालायचे बूट, घ्यायचेत. जड जोडी हलकीच्या दीडपट महाग, पण दुप्पट टिकते म्हणतात. म्हणजे महाग तीच शेवटी स्वस्त पडेल ना?

उत्तर : गणित बरोबर आहे, पण ते तुमचं नाही. हलकी जोडी १०० ला धरू, जड १५० ला. हलकी नदीतले ६० दिवस टिकली आणि जड १२० दिवस, तर एका दिवसाचा खर्च हलकीचा १.६७ आणि जडचा १.२५. कागदावर जड जिंकली. मात्र तुमच्या वेगाने १२० दिवस भरायला आठ वर्षं लागतील, आणि तितकी वर्षं बूट तुमची वाट बघत थांबत नाहीत. सोलचा ग्लू सुकतो, आतला पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलीनेच भुसभुशीत होतो, अगदी कपाटात बसल्या बसल्या. घसारा वापराचा असतो तसा वयाचाही असतो. माझी एक भारी जोडी मी पाच वर्षं जपून वापरली. एके सकाळी पाण्यात तिसऱ्याच पावलाला डाव्या बुटाने आ वासला. वरचं चामडं नव्यासारखं!

जड जोडी पाचव्या वर्षी वयानेच गेली असं समजा. दिवस भरले ७५, म्हणजे दिवसाला २. हलकी तोवर चार वर्षांत आपले ६० दिवस पुरे करून गेलेली असेल, १.६७ लाच. वर्षाला ४० दिवस जाणारा माणूस असता तर मी डोळे झाकून जड घ्या म्हटलं असतं. त्याची जोडी तीन वर्षांत पुरी वसूल होते.

शिवाय पायातलं वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनाच्या कितीतरी पट दमवतं. नदीपर्यंत लांब चालायचं असेल तर परतीच्या वाटेवर ते कळतं.

एक अपवाद मात्र मोठा आहे. तळाशी डोक्याएवढे शेवाळलेले गोटे असतील, पाण्याला ओढ असेल, किंवा घोटा पूर्वी मुरगळला असेल, तर वरचा हिशोब फाडून टाका आणि घोट्याभोवती ताठ कॉलर असलेली जड जोडी घ्या. दोन गोट्यांत पाऊल अडकून घोटा दुखावला, तर बुडालेल्या कामाच्या दिवसांपुढे किमतीतला फरक किरकोळ आहे.

तसं नसेल तर हलकी घ्या. वाचलेल्या ५० मधून सोलमध्ये बसवायचे टंगस्टन कार्बाइडचे स्टड, म्हणजे घसरू न देणारे छोटे टणक खिळे, आणि पाण्यात टेकायची एक वेडिंग काठी घ्या. काठी म्हणजे तिसरा पाय. मला विचाराल तर सगळ्या खरेदीत पैशाला सर्वांत जागणारी वस्तू तीच. फेल्टचा, म्हणजे नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचा, सोल ओल्या दगडावर छान धरतो, पण पाणी पितो, लवकर वाळत नाही आणि एका नदीतलं सूक्ष्म शैवाल दुसऱ्या नदीत नेतो. न्यूझीलंडने २००८ मध्ये त्यावर बंदीच घातली. परदेशी नद्यांवर जायचा बेत असेल तर रबर सोलच घ्या.

माप घेताना वेडरचा, म्हणजे पाण्यात घालायच्या जलरोधक विजारीचा, जाड निओप्रीन रबराचा पायमोजा पायात हवा, नाहीतर एक नंबर लहान बूट घरी येतो. आणि वापरून आल्यावर बूट हीटरपुढे ठेवू नका. लेस सैल करा, जीभ बाहेर ओढा, सावलीत वाऱ्याला टांगा.