मुलीसाठी कराटेचा खरा शिक्षक कसा ओळखायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नऊ वर्षांची. मालवणात दोन क्लास बघितलेत. एक सर दीड वर्षात ब्लॅक बेल्टची हमी देतात, शिवाय सकाळी मोठ्यांची 'वेलनेस' बॅच घेतात. दुसरे कसलीच हमी देत नाहीत. यातला खरा शिकवणारा कोण?

मी दोघांनाही ओळखत नाही, त्यामुळे निवाडा करणार नाही. वेंगुर्ल्यात बरीच वर्षं संध्याकाळी कराटे आणि पहाटे योग शिकवतोय, तेवढ्या जोरावर सांगतो: क्लास चालू असताना सरांची लाथ किती उंच जाते ते सोडा, त्यांची नजर कुठे आहे ते बघा. लाथ ही त्यांची स्वतःची कमाई. तुमच्या मुलीला त्यातलं काय मिळेल, ते सर तिच्याकडे किती वेळ नुसते बघत उभे राहतात त्यावर ठरतं.

झेनकुत्सु-दाची नावाचा एक पवित्रा पहिल्याच दिवसांत शिकवतात. पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ. नव्या पोरांचा पुढचा गुडघा आत कलतो, मागची टाच उचलली जाते. रांगेसमोर उभं राहून 'इची, नी, सान' असे जपानी आकडे ओरडणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण टाच दिसते ती मागून. चांगला शिक्षक आकडे मोजायचं काम एखाद्या मोठ्या पोराकडे देतो आणि स्वतः रांगांमधून फिरतो. टाच उचललेली दिसली की त्या दिवशी फक्त टाच. गुडघ्याचं पुढच्या आठवड्यात. एका दमात चार चुका सांगितल्या की पोर चारही विसरतं, वर हिरमुसतं ते वेगळंच.

आमच्याकडे रापणकरांच्या, म्हणजे समुद्रात टाकलेलं मोठं जाळं किनाऱ्यावरून दोराने ओढणाऱ्या मच्छीमारांच्या घरची मुलं येतात. त्यातल्या एकाचा पंच नुसता खांद्यातून यायचा. "कंबर फिरव, कंबर फिरव" हे सांगून माझा घसा बसला, त्याच्या कमरेला काही पत्ता नाही. मग म्हटलं, रापणीचा दोर ओढतोस तसा मागचा हात ओढ बघू. टाच रोवली गेली, मागे येणाऱ्या हाताबरोबर कंबर वळली आणि पुढचा हात आपसूक सुटला. वाळूत टाचा रोवून दोर ओढायचं त्याला घरातच शिकवलेलं होतं. समोरचं पोर कुठून आलंय, त्याच्या अंगात आधीच काय मुरलंय, हे बघितलं नसतं तर मी अजून "कंबर, कंबर" करत बसलो असतो. तुमच्या मुलीला रापण माहीत नसेल, नाच येत असेल. तिच्या सरांना ते ठाऊक आहे का, हे मी बघेन.

आता बेल्टचं. "सर, काळो बेल्ट कधी गावतलो?" हा प्रश्न पहिल्या महिन्यातच येतो. 'दान' ही ब्लॅक बेल्टची श्रेणी कराटेत आली ती जुडोतून, तिथे ती जुडोचे संस्थापक जिगोरो कानोंनी १८८३ मध्ये सुरू केलेली. रंगीत पट्टे युरोपात १९३० च्या दशकात रुळले. ओकिनावा बेटावरचे कराटे शिक्षक गिचिन फुनाकोशींनी १९२२ मध्ये टोकियोत कराटेचं प्रात्यक्षिक दिलं आणि १९२४ मध्ये आपल्या शिष्यांना पहिले ब्लॅक बेल्ट दिले. ते स्वतः ओकिनावात शिकले तेव्हा असले पट्टे नव्हतेच, एकेक काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, महिनोन्‌महिने घोटायचा एवढंच. मी बेल्टच्या विरोधात नाही, पोरांना पुढचं काहीतरी दिसावं लागतं. पण दीड वर्ष? आठवड्याला तीन दिवस येणाऱ्या पोराला चार-पाच वर्षं सहज लागतात. त्यात आपल्याकडे गणपती, शिमगा आणि मे महिन्यात चाकरमानी आले की क्लास ओस. त्या सरांना एकच विचारा, "तुमच्या परीक्षेत कधी कोणी नापास झालंय का?" उत्तर देताना त्यांचा चेहराही बघा.

वेलनेसबद्दल फार लिहीत नाही. हा शब्द पाटीवर आला की फी वाढते, एवढं मात्र बघितलंय. तिथली कसोटी सोपी आहे. नवीन माणूस आला की सर बीपी, हृदयविकार, हर्निया, बायकांना गरोदरपण यांची चौकशी करतात का? अशांना जोरकस कपालभाती, भस्त्रिका किंवा श्वास रोखून धरणं सांगायचं नसतं. शांत बसून उच्छ्‌वास लांबवला की हृदयाचे ठोके संथ होतात, हे रोज अनुभवाला येतं आणि ते शिकवायला मला संकोच वाटत नाही. पण "तुमच्या शुगरच्या गोळ्या बंद करून दाखवतो" असं कोणी म्हणालं तर चप्पल घालून बाहेर पडा. गोळ्यांचं डॉक्टर बघतील.

आधी न कळवता एक दिवस जा आणि मागे बसून पूर्ण तास बघा. पालकांना बसू देत नसतील तर विषय तिथेच संपला, मुलीच्या बाबतीत तर नक्कीच. पवित्रा सुधारताना सर हात लावण्याआधी विचारतात का, तेही बघा. आणि पांढरा ड्रेस लगेच घेऊ नका, शाळेची ट्रॅकपँट चालते. तो जाड सुती कपडा आपल्याकडे जुलैत तीन-तीन दिवस वाळत नाही आणि कुबट वासानेच पोरं क्लास बुडवतात.