वॉकीटॉकीची बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करायची का?

मंडळाचे सहा वॉकीटॉकी वर्षभर कपाटात असतात, विसर्जनाच्या आदल्या दिवशी काढले तर दोनच धड चालतात, आणि मंडळातले एक काका म्हणतात की बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जरला लावायचीच नाही, असं तुम्ही लिहिलंय.

काकांचं म्हणणं त्यांच्या काळापुरतं बरोबर होतं. मी नाशिकमध्ये सातपूरला एका कारखान्यात सिक्युरिटी बघायचो, तेव्हा आमच्याकडे निकेल-कॅडमियमचे सेट होते. ती बॅटरी रोज अर्धवट उतरवून चार्ज केली की पुढे लवकर दम टाकायची. म्हणून आम्ही शहाणे रात्री बोलायच्या बटनाला रबरबँड लावून ती उतरवायचो! चॅनल अडून राहायचा तो वेगळाच, पण खरं नुकसान आतमध्ये व्हायचं. पॅकमधला सगळ्यात कमजोर सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे सेल त्याला उलटं चार्ज करतात. तो सेल मेला की पॅक गेलाच. सेटने टूं-टूं केलं की थांबायचं, एवढंच ‘उतरवणं’ पुरे होतं.

तुमच्या बॅटरीचं लेबल आधी वाचा. गेल्या काही वर्षांत घेतलेले सेट असतील तर बहुतेक लिथियम-आयनच निघेल. तिला काकांचा नियम मारक आहे. तिच्या प्रत्येक सेलला भरल्यावर 4.2 व्होल्ट असतात. 3 च्या खाली गेला की त्रास सुरू होतो आणि फार खाली गेला तर चार्जर तिला ओळखतही नाही.

माझ्या मते तुमच्या बॅटऱ्या मिरवणुकीत नाही, कपाटात मेल्या. विसर्जन झालं की त्या निम्म्या चार्जवर आणून सेटपासून वेगळ्या काढा, कारण काही सेट बंद असूनही थोडा करंट पितात. प्रत्येकीवर मार्करने नंबर आणि खरेदीचं साल टाका. मग दिवाळी, होळी, आषाढी अशी तीनदा आठवण ठेवून पुन्हा निम्म्यापर्यंत चार्ज द्या. पत्र्याच्या शेडमधलं कपाट नको. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि उष्णतेइतकं लिथियमला दुसरं काही खात नाही. गाडीच्या डिकीतही ठेवू नका.

मिरवणुकीच्या आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा, सेट बंद ठेवून. वाकडी बारवपासून रामकुंडापर्यंत तुमची माणसं एकमेकांपासून फार लांब नसतील, तर पॉवर ‘लो’वर ठेवा. ऐकण्यापेक्षा बोलण्यात कितीतरी पट जास्त करंट जातो. त्यामुळे ‘हॅलो हॅलो, ऐकू येतंय का’वाल्या कार्यकर्त्याच्या हातात सेट देऊच नका.

बंद पडलेले चार लगेच भंगारात टाकू नका. बॅटरीचे आणि चार्जरचे पितळी पॉइंट साध्या खोडरबराने घासून बघा. गुलाल आणि घामाने त्यांच्यावर थर चढतो, आमचे दोन सेट एवढ्यानेच सुरू झाले होते. फुगलेली बॅटरी मात्र चार्जरला लावायची नाही, टोचायची नाही, कचऱ्याच्या घंटागाडीतही टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.